हान्लेच्या आकाशातील लाली

बंगळूरच्या मल्लेश्वरम भागात 'पंचवटी' हे चंद्रशेखर वेंकट रामन यांचे घर आहे. १९२१ साली सागरप्रवासात समुद्राच्या निळाईचे कारण काय, या प्रश्नाने त्यांना घेरले. शंभर वर्षांनंतर त्याच जातीचा प्रश्न एका छायाचित्राने उभा केला. १० व ११ मे २०२४ यांच्या मधल्या रात्री लडाखमधील हान्ले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावरचे आकाश लाल झालेले टिपले. ही वेधशाळा बंगळूरच्याच भारतीय खगोलभौतिकी संस्थेची. हा ध्रुवीय प्रकाश. पण तो हिरवा असतो असे ऐकलेले. मग येथे लालच का?

दिवसाच्या आकाशाची निळाई उसनी असते, सूर्यप्रकाशच हवेच्या रेणूंवरून विखुरतो. ध्रुवीय प्रकाश मात्र हवेचा स्वतःचा. सौरवादळाने पृथ्वीभोवतीचे चुंबकक्षेत्र क्षुब्ध झाले की वेगवान इलेक्ट्रॉन वातावरणात उतरतात आणि प्राणवायूच्या अणूंना धक्का देतात. मिळालेली ऊर्जा अणू प्रकाशरूपाने परत करतो. हिरवा प्रकाश सेकंदाच्या आतच बाहेर पडतो. लाल प्रकाशाला मात्र दीड-दोन मिनिटांची उसंत लागते. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर हवा इतकी दाट असते की, तेवढ्या अवधीत शेजाऱ्यांशी टक्कर होऊन ती ऊर्जा निघून जाते. म्हणून लाली दोनशे किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच टिकते. हान्लेपासून हा प्रकाश दूर उत्तरेला होता. पृथ्वीच्या वक्रतेमुळे खालचा हिरवा थर क्षितिजाआड राहिला आणि वरचा लाल शेंडा तेवढा दिसला.

साध्या डोळ्यांना ही लाली जवळजवळ दिसत नाही. म्हणून छायाचित्र रंगवलेले असावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती रास्त नव्हे. अंधुक प्रकाशात डोळ्यांतील ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, आणि लाल प्रकाश तर त्यांना फारच थोडा जाणवतो. कॅमेरा तिपाईवर ठेवून, भिंगाचे छिद्र पूर्ण उघडून, दहा-वीस सेकंद प्रकाश साठवला की तो रंग उमटतो. भिंग मात्र आधी एखाद्या ताऱ्यावर नीट जुळवून घ्यावे लागते. रंग नंतर गडद करता येतो, हे खरे. पण नसलेला प्रकाश साठवता येत नाही.

४ फेब्रुवारी १८७२ रोजी तर मुंबईहूनही ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. त्या मुंबईत विजेचे दिवे नव्हते. आज तेवढेच मोठे वादळ आले तरी मल्लेश्वरमच्या गच्चीवर वीस सेकंद उघडा ठेवलेला कॅमेरा बहुधा रस्त्यावरच्या दिव्यांचाच उजेड साठवील.