चूक कोणत्या प्रकारची, हे आधी ओळखू या

गेल्या वेळी बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं, की इंग्रजीच्या वरच्या पातळीच्या परीक्षेची तयारी सुरू कुठून करायची? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, इंग्रजी नव्हे. तरी हा विषय घेतला, कारण या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली आणि तिची किंमत दुसऱ्या कुणाला तरी मोजावी लागली.

आधी परीक्षेविषयी थोडं. केंब्रिजची सी-टू प्रोफिशियन्सी ही परीक्षा १९१३ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी तिघे बसले आणि तिघेही नापास झाले! आज तिचे चार पेपर असतात, पण निकालात पाच गोष्टींचे गुण वेगवेगळे मिळतात : वाचन, भाषेचा वापर, लेखन, श्रवण आणि संभाषण. या पाचांची सरासरी २०० किंवा त्याहून जास्त आली, तर सी-टू. १८० ते १९९ आली, तर खालच्या, म्हणजे सी-वन पातळीचं प्रमाणपत्र.

आमच्या पुतणीला परदेशातल्या एका अभ्यासक्रमासाठी सी-टू हवं होतं. तिला १९४ मिळाले. सहा गुणांनी वर्ष गेलं. ती म्हणाली, "काका, माझा शब्दसंग्रहच कमी पडतो." आम्हीही मान डोलावली आणि अवघड शब्दांच्या याद्या पाठ करायला सांगितल्या. तीन महिने तिने इमानेइतबारे ते केलं. मग एक सराव पेपर सोडवला. गाडी होती तिथेच!

तेव्हा कुठे आम्ही निकालाचा कागद मागितला. वाचन २०८, श्रवण २०१, संभाषण १९३, भाषेचा वापर १८६, लेखन १८२. आता बघा, ज्याचे शब्दच कमी आहेत त्याला वाचनात २०८ कसे मिळतील? दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे, असा प्रकार चालला होता.

इथे आपल्या न्यायशास्त्राची मदत होते. नैयायिक चुकीच्या ज्ञानाचे प्रकार पाडतात. त्यातले दोन आपल्या कामाचे. एक संशय : अंधारात समोर खांब आहे की माणूस, हे ठरत नाही. दुसरा विपर्यय : शिंपला पडलेला असतो आणि आपण खात्रीने म्हणतो, ही चांदी आहे. यांच्या जोडीला साधं अज्ञान आहेच. तिन्हींमुळे गुण सारखेच जातात, पण उपाय तीन वेगळे आहेत.

मग हे ओळखायचं कसं? घड्याळ लावून पूर्ण सराव पेपर सोडवायचा. प्रत्येक उत्तरापुढे, तपासण्याच्या आधीच, खूण करायची. खात्री असेल तर बरोबरची खूण, डळमळीत असेल तर प्रश्नचिन्ह, नुसताच अंदाज असेल तर शून्य. मग उत्तरं तपासायची आणि चुका या तीन रकान्यांत मांडायच्या.

पुतणीच्या वहीत सर्वांत भरलेला रकाना कोणता निघाला? खात्रीने चुकलेल्यांचा. आणि त्यातल्या बहुतेक चुका रिकाम्या जागा भरण्याच्या त्या भागात होत्या, जिथे पर्याय दिलेले नसतात. तिथे मोठे शब्द लागतच नाहीत. लागतात ती उपपदं, शब्दयोगी अव्ययं, साहाय्यक क्रियापदं. मराठीत 'अ' आणि 'द' यांसारखी उपपदं नाहीत, म्हणून ती गाळली तरी आपल्या कानाला खटकत नाही. आपण 'विषयाबद्दल चर्चा' करतो, म्हणून इंग्रजीत 'डिस्कस अबाउट' लिहितो. आपण कुणा'शी' लग्न करतो, म्हणून 'मॅरीड विथ' लिहितो, तिथे 'टु' हवं असतं. हे चुकतंय अशी शंकाच येत नाही, त्यामुळे आपण शब्दकोश उघडत नाही. विपर्ययाचा धोका हाच.

आता उपाय. अज्ञान असेल तर नवं शिकायचं, पण सुटा शब्द नव्हे, अख्खं वाक्य लिहून घ्यायचं. संशय असेल तर गोंधळ घालणारे दोन पर्याय शेजारी मांडून प्रत्येकाचं एकेक वाक्य करायचं. विपर्यय असेल तर पान उभं दुमडायचं. डावीकडे गाळलेल्या जागेचं वाक्य, उजवीकडे बरोबर उत्तर. दोन दिवसांनी, आठवड्याने, तीन आठवड्यांनी उजवी बाजू झाकून पुन्हा सोडवायचं. नुसतं वाचायचं नाही! २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी प्रयोग केला होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं. पण आठवड्याने पाहिलं, तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. वाचताना 'येतंय, येतंय' असं वाटतं, तोही एक विपर्ययच.

लेखनाचं थोडं निराळं. पहिला प्रश्न सक्तीचा असतो : दोन छोटे उतारे वाचून २४० ते २८० शब्दांत निबंध. प्रत्येक उताऱ्यातले दोन मुख्य मुद्दे पकडायचे, आपल्या शब्दांत मांडायचे आणि त्यांवर मत द्यायचं. पुतणीची भाषा झोकदार होती, पण चारांपैकी एक मुद्दा हमखास सुटायचा. आमच्या शब्दयाद्यांनी त्यात भरच घातली होती. म्हणून ती लिहिण्याआधी चार ओळींत चार मुद्दे मांडू लागली आणि लिहून झाल्यावर एकदा फक्त उपपदं तपासू लागली.

चार महिन्यांनी ती पुन्हा बसली. २०३ आले. भाषेचा वापर आणि लेखन वर गेलं, वाचन होतं तिथेच राहिलं.

राहून राहून एकच वाटतं. ते पहिले तीन महिने तिच्या अज्ञानामुळे वाया गेले नाहीत, आमच्या खात्रीमुळे गेले. निकालाचा कागद पहिल्याच दिवशी मागायला हवा होता. तेव्हा तुमच्या घरी कुणी या परीक्षेला बसणार असेल, तर सल्ला देण्याआधी त्याचा एक सोडवलेला पेपर मागून घ्या.

आता आपण प्रश्नोत्तरांकडे वळू या.