अर्ध्या मिलिमीटरचा मित्र ओळखायचा कसा?

ऊस किंवा कापूस पिकवणाऱ्या अनेक शेतकऱ्यांना ‘ट्रायकोकार्ड’ नवे नाही. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर खसखशीसारखे काळे दाणे चिकटवलेले असतात. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या आणि पानांच्या खालच्या बाजूला टाचायच्या, एवढेच काम. एका कार्डावर साधारण वीस हजार दाणे असतात. ते दाणे म्हणजे तांदळातल्या पतंगाची अंडी, आणि त्या प्रत्येक अंड्यात पतंगाऐवजी ट्रायकोग्रामा नावाची गांधीलमाशी वाढत असते. बाहेर पडल्यावर ती शेतात खोडकिड्याची किंवा बोंडअळीची अंडी शोधते आणि त्यात स्वतःचे अंडे घालते. अळी जन्मालाच येत नाही.

गांधीलमाशी म्हटले की छपराला पोळे करणारी, डंख मारणारी माशी डोळ्यांसमोर येते. ही मात्र जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची. पट्टीतून बाहेर पडली तरी धुळीचा कण हलल्यासारखे वाटावे. आणि अडचण इथूनच सुरू होते. ट्रायकोग्रामा हे एका माशीचे नाव नव्हे, तर गटाचे. त्यात दोनशेहून अधिक जाती आहेत आणि नुसत्या डोळ्यांना, किंबहुना साध्या भिंगालाही, त्या सगळ्या सारख्याच दिसतात. त्यांचे काम मात्र सारखे नसते. भातावरच्या खोडकिड्यासाठी ‘जपोनिकम’ ही जात सोडण्याची शिफारस आहे, तर ऊस आणि कापसासाठी प्रामुख्याने ‘चिलोनिस’. प्रयोगशाळेत एका जातीच्या पैदाशीत दुसरी मिसळली, तर कार्डावर नाव एक आणि आत माशी भलतीच, असे होऊ शकते. शेतकऱ्याला ते कळायला मार्ग नाही. त्याला दिसते ते एवढेच, की कीड काही कमी झाली नाही.

ओळख चुकल्याची किंमत किती मोठी असते, हे कॅलिफोर्नियातील संत्र्या-लिंबाच्या बागायतदारांनी अनुभवले आहे. तिथे लाल खवले कीड झाडांचा रस शोषून बागा वाळवत होती. तिच्यावर जगणारी ‘अॅफायटिस’ गटातील एक पिवळी, मिलिमीटरभर लांबीची माशी 1900च्या सुमारास तिथे आपोआप पोहोचलीही होती. पण तिचा प्रभाव तोकडा होता. पुढे कीडनियंत्रणाचे अभ्यासक आशियात फिरले, तेव्हा त्यांना याच किडीवर पिवळ्या माश्या दिसत राहिल्या. ‘ही तर आपल्याकडे आहेच’ असे समजून त्या तिथेच सोडून देण्यात आल्या. प्रत्यक्षात त्या वेगळ्या जाती होत्या. हा घोळ सुटायला जवळपास अर्धे शतक गेले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस दक्षिण चीनमधील एक जात नेण्यात आली. 1956-57मध्ये भारत आणि पाकिस्तानातून आणखी एक. ही दुसरी जात इतकी अनोळखी होती, की पॉल डीबाख यांनी 1959मध्ये तिचे ‘अॅफायटिस मेलिनस’ असे बारसे केले. कॅलिफोर्नियात आजही तीच माशी पैदास करून बागांमध्ये सोडली जाते. आपल्याकडच्या झाडांवर ती आधीपासून होतीच, फक्त तिला नाव नव्हते.

ट्रायकोग्रामाच्या बाबतीत हा गुंता सोडवण्यात भारतीय संशोधकांचा वाटा मोठा आहे, आणि त्याची म्हणावी तशी चर्चा होत नाही. भारतात सर्रास आढळणारी जात साहित्यात कधी ‘मिनुटम’, कधी ‘इव्हानेसन्स’, तर कधी ‘ऑस्ट्रालिकम’ म्हणून नोंदली जात होती. म्हणजे अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातून वर्णन झालेल्या जातींची नावे तिला चिकटवली जात होती. साठच्या दशकात बंगळूरुमध्ये सुधा नागरकट्टी आणि एच. नागराज यांनी यावर काम सुरू केले.

त्यांनी आधी माश्यांचे संकर करून पाहिले. या कीटकांत एक सोयीची गोष्ट आहे. फलित अंड्यातून मादी जन्मते, अफलित अंड्यातून नर. त्यामुळे दोन ठिकाणच्या माश्यांची जोडी लावली आणि संततीत फक्त नरच निघाले, तर मीलन फळले नाही, म्हणजे या जाती बहुधा वेगळ्या, असा अर्थ लागतो. पुढची पायरी किचकट होती. नराचे जननेंद्रिय काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचे. अर्ध्या मिलिमीटरच्या देहाचा हा एक अंश! पण त्याची ठेवण जातीगणिक वेगळी निघाली. 1971मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानंतर ही खूण जगभर प्रमाण मानली गेली. भारतीय माशीची ओळख मात्र त्यानंतरही लगेच पक्की झाली नाही. 1976मध्ये तिला ‘कन्फ्यूसम’ असे नाव मिळाले, आणि पुढे लक्षात आले, की जपानमध्ये 1941मध्ये वर्णन झालेली ‘चिलोनिस’ ती हीच.

नराच्या खुणेवर विसंबायचे, तर नर हवा. ट्रायकोग्रामाच्या काही वाणांत पिढ्यानपिढ्या फक्त माद्याच जन्मतात. त्या ओळखायच्या कशा? 1990मध्ये रिचर्ड स्टाउटहॅमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा माद्यांना प्रतिजैविक दिले आणि पुढे चक्क नर जन्मू लागले. माश्यांच्या शरीरात राहणारा ‘वोल्बाकिया’ हा जिवाणू अफलित अंड्यातूनही मादीच घडवत होता. हा जिवाणू मादीकडूनच पुढच्या पिढीत जातो, नर त्याच्या उपयोगाचा नाही. डेंग्यूच्या विषाणूला अटकाव करण्यासाठी डासांमध्ये सोडतात तोही वोल्बाकियाच, फक्त वाण वेगळा.

आता डीएनए तपासून मादीचीही जात सांगता येते. मग सूक्ष्मदर्शकाची गरज संपली का? यावर तज्ज्ञांत चांगलीच जुंपली आहे. कोस्टारिकामध्ये डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॅक्स यांनी अनेक वर्षे रानातल्या अळ्या वाढवून त्यांतून बाहेर पडणाऱ्या माश्या गोळा केल्या. त्या आधारे 2021मध्ये एकाच निबंधात 403 नव्या जाती जाहीर झाल्या. वर्णन म्हणून प्रामुख्याने डीएनएच्या एका छोट्या तुकड्याचा क्रम आणि माशीचे छायाचित्र. टीकाकारांचा आक्षेप असा, की ज्याच्याकडे डीएनए वाचायची सोय नाही, त्याने ही माशी ओळखायची कशी? समर्थक म्हणतात, जुन्या पद्धतीने शतके लागतील, तोवर जंगले उरणार नाहीत. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. पण डीएनएचा क्रम जुळवायचा तरी कशाशी? कुणीतरी खात्रीने ओळखलेल्या नमुन्याशीच.

असे नमुने भारतात बंगळूरुच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोसारख्या संस्थांत जपले जातात. एका काचपट्टीवर एक माशी, शेजारच्या चिठ्ठीवर गाव, तारीख, कोणत्या पिकावर आणि कोणत्या किडीच्या अंड्यातून मिळाली याची नोंद. प्रयोगशाळेतल्या पैदाशीबद्दल शंका आली, की त्यातला एक नर बाजूला काढतात, काचपट्टीवर पसरतात आणि या जुन्या पट्टीशेजारी ठेवून पाहतात.