ओएलईडीचा पडदा सर्वत्र सारखा का उजळत नाही?

ओएलईडी पडद्यामागे वेगळा दिवा नसतो. त्यातील प्रत्येक ठिपका, म्हणजेच पिक्सेल, स्वतःच प्रकाशतो. कोडॅक कंपनीच्या चिंग टँग व स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलेल्या या तंत्राचे हेच वैशिष्ट्य आणि हीच अडचण.

पिक्सेलचा उजेड त्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहावर ठरतो. फोर-के टीव्हीत असे सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. पडद्याच्या कडेकडून येणारी वीज केसाहून बारीक धातूच्या रेषांतून आत जाते, तेव्हा त्यांच्या रोधामुळे विद्युतदाब घटत जातो. जलवाहिनीच्या टोकाच्या घरांना पाणी कमी दाबाने मिळते, तसाच हा प्रकार. परिणामी, संपूर्ण पडदा पांढरा दाखवायचा असला तरी काही भाग मंद दिसू शकतो. सरसकट दाब वाढवल्यास वीज वाया जाते आणि उष्णता वाढते.

यावर प्रामुख्याने दोन उपाय योजले जातात. विजेच्या रेषांची उभी-आडवी जाळी करून एकाहून अधिक बाजूंनी पुरवठा केला जातो. शिवाय, प्रत्येक पिक्सेलमध्ये जादा ट्रान्झिस्टर बसवून दाबातील फरक भरून काढला जातो. मात्र पिक्सेल जितके लहान, तितकी या ट्रान्झिस्टरांना जागा अपुरी. अभियंत्यांची खरी कसोटी तेथेच लागते.