नंदुरबार जिल्हा व धंदेशिक्षण

दिवाळी सरली म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याच्या रस्त्यांवर एक देखावा दरसाल दिसतो. भांडीकुंडी, कोयते, कोंबड्या व लहान लेकरे मालमोटारींत भरून अक्कलकुवा, धडगाव, तळोदा या तालुक्यांतील कुटुंबे ऊसतोडीकरिता बारडोली-सुरतेकडे निघतात. त्याच सुमारास नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक वाढते, आणि आमचे व्यापारीबंधू कुरकुर करू लागतात की मोटार गुंडाळणारा मिळत नाही, वीजजोडणी करणारा वेळेवर येत नाही, चक्की बिघडली तर कारागीर सुरतेहून आणावा लागतो. ज्या जिल्ह्यातून हजारो हात बाहेर जातात, त्याच जिल्ह्याने कारागीर बाहेरून मागवावा, या विसंगतीचा विचार सुज्ञ वाचकांनी आज आमच्याबरोबर करावा अशी विनंती आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा निर्माण झाला. २०११ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आत-बाहेर होती. त्यांपैकी शेकडा ६९ आदिवासी. आणि साक्षरता शेकडा ६४, म्हणजे राज्यात सर्वांत कमी. २०१८ साली केंद्र सरकारने या जिल्ह्यास ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत घातले. नाव गोड आहे. परंतु नावाने पोट भरत नाही.

सरकारने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९५० पासून देशात कारागीर प्रशिक्षणाची योजना चालू आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत आणि नंदुरबारास शासकीय तंत्रनिकेतनही आहे. १९८८ साली राज्याने अकरावी-बारावीस किमान कौशल्यावर आधारित अभ्यासक्रम सुरू केले. २०१५ साली कौशल्य विकासाचे निराळे खाते मांडले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५११ ग्रामीण कौशल्य केंद्रांचे एका दिवसात उद्घाटन झाले. २०२४ साली युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी झालेल्यास दरमहा ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविका झालेल्यास ८,००० आणि पदवीधरास १०,००० विद्यावेतन ठरले. मुदत संपताच उमेदवार ‘आम्हांस कायम करा’ म्हणून आंदोलनास उतरले. त्यांना आम्ही दोष देत नाही. ज्याच्या हाती नवी विद्या आली असेल तो ती विकावयास बाजारात जातो. ज्याच्या हाती केवळ वेतन आले असेल तो वेतनच पुन्हा मागतो. या मागणीत योजनेचे खरे परीक्षण झाले आहे.

योजना तोकड्या नाहीत. त्या गावाच्या मापाने बेतलेल्या नाहीत, हे खरे दुखणे आहे. आय.टी.आय.च्या बहुतेक व्यवसायांस दहावी उत्तीर्ण व्हावे लागते, काहींस आठवी पुरते. परंतु जो मुलगा आईबापांबरोबर ऊसतोडीस जातो, त्याचे अर्धे शालेय वर्ष उसाच्या फडावर संपते. तो आठवीचा उंबरठा कसा ओलांडणार? जो ओलांडतो त्याच्यापुढे जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री असे व्यवसाय येतात. हे व्यवसाय उत्तमच आहेत. परंतु त्यांची मोठी मागणी दूरच्या कारखान्यांत आहे. उलटपक्षी गावात काय येत आहे ते पाहा. २०१९ पासून जलजीवन मोहिमेचे नळ आले. २०२४ पासून ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ या योजनेत आदिवासी शेतकरी शेकडा पाचच हिस्सा भरून पंप घेऊ शकतो. पंप डोंगरावर चढला, पण तो बंद पडला तर दुरुस्त करणारा पाड्यावर आहे काय? मिरचीचेच घ्या. उघड्या पथारीवर वाळत घातलेला माल एका अवकाळी पावसात काळा पडतो. बंदिस्त वाळवण, प्रतवारी, साठवण ही शास्त्रे या गावच्या मुलांस कोण शिकवितो?

हा विचार नवा नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर कमिशनापुढे मागणी केली होती की, गावच्या शाळेत शेतीचे प्राथमिक ज्ञान द्यावे आणि प्रत्यक्ष धडे देण्यास लहानसे नमुन्याचे शेत असावे. १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यास कलाभवन स्थापिले. प्रोफेसर त्रिभुवनदास गज्जर यांच्या देखरेखीखाली तेथे रंगकाम, विणकाम, यंत्रविद्या हे विषय देशी भाषांतून शिकविले गेले. नवापूरच्या वेशीस लागलेले सोनगड तेव्हा बडोदे राज्यात होते. एक संस्थानिक जे करू शकला, ते लोकनियुक्त सरकारास अवघड का जावे?

आपल्या राज्यातही नमुना तयार आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम काढला. तेथील अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करतात. कर्मशाळा, ऊर्जा, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य ही चार अंगे. शिकविणारे बहुधा गावचेच कारागीर. राज्याच्या माध्यमिक मंडळाने त्यास मान्यता दिली आहे. येथील आश्रमशाळांत तोच क्रम सरसकट का लावू नये?

कोणी म्हणेल, ही आदिवासी मुलास महाविद्यालयाच्या दारातून परत पाठविण्याची युक्ती आहे. ही शंका रास्त आहे, कारण आपल्या समाजाने काम आणि जात यांची गाठ फार दिवस घट्ट बांधली होती. म्हणूनच आमचा आग्रह आहे की धंदेशिक्षण ही भिंत न होता शिडी व्हावी. आय.टी.आय. उत्तीर्ण मुलास पदविकेच्या दुसऱ्या वर्षास, आणि पदविकाधारकास अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षास थेट प्रवेश मिळू शकतो. ही वाट आहे. पण ती पाड्यावर कोणी जाऊन सांगत नाही.

सबब सरकारास आमच्या चार सूचना आहेत. पहिली : जिल्ह्याचा अभ्यासक्रम जिल्ह्याच्या गरजेतून ठरावा; सौरपंप, नळयोजना, ठिबक, मिरची व मोहाची प्रक्रिया यांस अग्रक्रम मिळावा. दुसरी : शिक्षणाचे तुकडे पाडावेत. २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्याने तुकड्यांनी मिळविलेले शिक्षण जोडण्याची सोय मान्य केली आहे. मग ऊसतोडीहून परतलेल्या तरुणास उन्हाळ्यात दोन महिने शिकून पुढील साली उरलेले पुरे करता यावे. तिसरी : निदेशकांस भिली, पावरी, मावची यांपैकी एक तरी बोली यावी आणि त्यांच्या जागा रिकाम्या राहू नयेत. चौथी : आदिवासी उपयोजनेतील शेकडा पाच निधी २०१५ पासून अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींस थेट मिळतो, त्यातून दोन-चार तरुण शिकवून गावातच पंप-नळाची देखभाल त्यांच्याकडे सोपविण्यास ग्रामसभांस उत्तेजन द्यावे.

आता दोन शब्द आमच्या वाचकांस, विशेषतः व्यापाऱ्यांस. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने शेकडा अडीच ते पंधरा शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्याहून लहान, चार माणसांच्या दुकानासही ते घेण्याची मुभा आहे, आणि विद्यावेतनाचा काही हिस्सा सरकार सोसते. आपल्या गावात किती गिरण्यांनी, किती कारखानदारांनी हा लाभ घेतला, हे ज्याने त्याने आपल्या खतावणीत पाहावे. ‘माणूस मिळत नाही’ ही तक्रार करण्याचा अधिकार त्यालाच, ज्याने एक तरी माणूस घडविला आहे.

दिवाळी पुन्हा येईल आणि मालमोटारी पुन्हा भरतील. त्यांतील एक तरी तरुण ‘यंदा गावातच काम आहे’ म्हणून मागे राहिला, तर सरकारचे धोरण आणि व्यापाऱ्यांचा धर्म दोन्ही थोडे तरी फळास आले असे आम्ही समजू.