मोडक्या खेळण्यांतले दिवे

मोडके खेळणे भंगारात घातले की त्याचे प्लॅस्टिक पुन्हा उपयोगात येते, असा सर्वसाधारण समज असला, तरी खेळण्यांचे पुनर्चक्रीकरण, म्हणजे ती वितळवून त्यांपासून नवा कच्चा माल मिळवणे, बरेच अवघड असते. एखाद्या मोटारीचे कवच एबीएस या टणक प्लॅस्टिकचे, चाके मऊ पीव्हीसीची, आस पोलादाचा आणि आतले यंत्र तांब्याच्या तारेचे व चुंबकाचे असते. हे पदार्थ सुटे करण्याचे श्रम हाती येणाऱ्या मालाच्या किमतीतून सहसा भरून निघत नाहीत. परंतु साच्यातून उतरलेला नेमका आकार, पोकळ अंतर्भाग आणि बॅटरीचा तयार कप्पा ही त्या खेळण्याची खरी पुंजी असते, आणि वितळवताना नेमकी तीच नष्ट होते. वस्तूचा आकार राखून तिला अधिक मोलाचे नवे काम देण्याला अपसायकलिंग म्हणतात. जुन्या खेळण्यांपासून रोषणाईच्या वस्तू करणे हे त्याचे घरच्या घरी जमण्यासारखे उदाहरण होय.

हे सुरक्षितपणे शक्य झाले ते एलईडी दिव्यांमुळे. जुन्या तारेच्या दिव्यात बहुतेक वीज उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते, आणि एबीएस तर १०० अंश सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडू लागते. याउलट एलईडीमध्ये अर्धवाहक, म्हणजे ठरावीक परिस्थितीतच वीज वाहू देणाऱ्या पदार्थाचे स्फटिक, विजेचे थेट प्रकाशात रूपांतर करते. कार्यक्षम निळा एलईडी घडवणाऱ्या इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निळ्या प्रकाशाचा काही भाग फॉस्फर नावाच्या पदार्थाच्या थरातून पिवळा होतो आणि दोन्ही मिसळून डोळ्यांना पांढरा उजेड दिसतो.

खेळण्यातल्या मोटारीचे पुढचे दिवे पेटवायचे असतील, तर दिव्यांच्या जागी ५ मिलिमीटरची छिद्रे पाडून त्यांत त्याच मापाचे एलईडी बसवले जातात. एलईडीचा लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण असतो. पाय कापले गेले असल्यास काठाची सपाट बाजू ऋण टोक दाखवते. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, तर दीड व्होल्टचे तीन सेल ४.५ व्होल्ट देतात. उरलेले दीड व्होल्ट पेलण्यासाठी रेझिस्टर, म्हणजे प्रवाहाला आवर घालणारा घटक, जोडावा लागतो. प्रवाह १५ मिलिअँपिअर ठेवायचा असल्यास तो १०० ओहमचा येतो आणि प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर दिल्यास सर्वांचा उजेड सारखा पडतो. कप्प्यातल्या पट्ट्यांवर गळक्या अल्कलाइन सेलची पांढरी पुटे चढली असतील, तर हातमोजे घालून ती व्हिनेगरने किंवा लिंबाच्या रसाने पुसून पट्ट्या कोरड्या केल्या जातात.

प्रकाश कसा दिसेल हे प्लॅस्टिकवर अवलंबून असते. दुधी रंगाचे पॉलिथिनचे चेंडू प्रकाश विखुरतात, त्यामुळे आतला दिवा टोचत नाही आणि सगळा गोळाच उजळतो. पारदर्शक प्लॅस्टिक आतून बारीक पॉलिश पेपरने घासल्यास तोच परिणाम साधतो. अपारदर्शक ठोकळ्यांच्या बाबतीत मात्र फटी आणि खिडक्याच उपयोगी पडतात. म्हणूनच दिवाळीत मुले बांधतात त्या किल्ल्यावर अशा ठोकळ्यांचे बुरूज आतून उजळले की त्यांच्या झरोक्यांतून प्रकाश उठून दिसतो.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावी लागतात. भारतात खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले ते १ जानेवारी २०२१ पासून. त्याआधीच्या खेळण्यांच्या रंगात शिसे असू शकते, म्हणून जुना रंग घासून त्याची धूळ उडवू नये. गोल चपटा बटण सेल मुलाने गिळल्यास अन्ननलिकेला दोन तासांतच गंभीर इजा होऊ शकते, त्यामुळे त्याचा कप्पा स्क्रूनेच बंद केलेला हवा. घरातल्या २३० व्होल्टच्या विजेशी अशा वस्तू थेट जोडू नयेत.

पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करून मुलांना विज्ञान शिकवले आणि टाकाऊ वस्तू हे शिक्षणाचे उत्तम साधन ठरू शकते, हे दाखवून दिले. तेच मोल या दिव्यांनाही यावे, यासाठी ते उघडता येण्याजोगे असले पाहिजेत. सर्व काही गोंदाने चिकटवून टाकलेली वस्तू सेल संपताच पुन्हा कचऱ्यात जाते आणि या वेळी तिच्यासोबत तारा व एलईडीही जातात. स्क्रूने जोडलेल्या वस्तूचे सेल बदलता येतात, बिघाड शोधता येतो आणि शेवटी विजेचे भाग वेगळे काढून ई-कचरा संकलनाकडे देता येतात. जुन्या खेळण्याचे आयुष्य खरोखर वाढवायचे असेल, तर दिवा बसवतानाच तो काढण्याची सोयही करून ठेवली पाहिजे.