धोत्र्यातलं औषध आणि भुलीची दुसरी सुई

पेशंटला भूल दिलेली आहे. आता श्वासनलिकेत नळी घालायची, तर जबडा आणि घसा पूर्ण सैल पडायला हवा. त्यासाठी शिरेतून सक्सिनिलकोलीन जातं. आपल्याकडच्या थिएटरांत त्याला ‘स्कोलिन’ म्हणतात. अंगभर बारीक थरथर उठते आणि मिनिटभरात शरीर लोळागोळा होतं. समजा, नळी पहिल्या खेपेला बसली नाही. चार-पाच मिनिटांत औषधाचा असर ओसरतो, म्हणून दुसरी सुई. आणि मॉनिटरचा इतका वेळ नेमाने चाललेला टुकटुक आवाज अचानक लांबत जातो. ऐंशी ठोके, साठ, चाळीस. कधी तर काही क्षण आवाजच नाही.

औषध दिलं हातापायांच्या स्नायूंसाठी. हृदय का थबकलं?

उत्तर बेडकाच्या हृदयात आहे. ऑस्ट्रियातल्या ग्राझ गावी ओटो लोवी यांनी 1921 साली दोन बेडकांची धडधडती हृदयं क्षारपाण्यात ठेवली. पहिल्या हृदयाकडे येणारा व्हेगस हा चेतातंतू विजेने डिवचला, तसं ते मंदावलं. मग त्याच्या भोवतीचं पाणी काढून दुसऱ्या हृदयाला दिलं, तर तेही मंदावलं! म्हणजे चेतातंतू हृदयाला निरोप देतो तो रसायनाच्या हाती. हा प्रयोग आपल्याला झोपेत सुचला असं लोवी सांगत. ते रसायन अ‍ॅसिटिलकोलीन निघालं. 1936 चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

खरी गंमत पुढेच आहे. हेच अ‍ॅसिटिलकोलीन दंडाच्या स्नायूला सांगतं ‘आवळ’ आणि हृदयाला सांगतं ‘दमाने घे’. किल्ली एकच, पण कुलपं दोन जातींची. आणि स्कोलिन म्हणजे काय? अ‍ॅसिटिलकोलीनचे दोन रेणू शेपटीला शेपटी बांधून केलेली जोडी. स्नायूच्या कुलपात ती शिरते आणि अडकून बसते. आधी थरथर, मग लुळेपणा तो त्यामुळे. पण किल्लीचा घाट ओळखीचा, म्हणून हृदयाचं कुलूपही थोडं फिरतंच. दुसऱ्या सुईला ते जास्त का फिरतं? पहिल्या डोसाची रक्तात मोडतोड होऊन उरलेले तुकडे हृदयाला आधीच हळवं करून ठेवतात, असं मानलं जातं.

याच औषधाची एक चुटपुट लावणारी हकिगत आहे. अमेरिकेत रीड हंट आणि रेने तावो यांनी 1906 सालीच ते जनावरांना टोचून पाहिलं होतं. त्यांचं लक्ष रक्तदाबावर आणि हृदयावर. जनावरं आधीच क्युरारे देऊन लुळी केलेली. मग हे नवं औषधही स्नायू लुळे करतं हे दिसणार कसं? ते थिएटरात यायला 1951 उजाडलं. ज्यांनी हृदयाकडे पाहिलं त्यांना स्नायू दिसले नाहीत, आणि स्नायूंसाठी औषध वापरणाऱ्यांना पुढे हृदयाने गाठलं.

आपल्या हृदयावर व्हेगसचा लगाम कायमच असतो. प्रत्यारोपण केलेल्या हृदयाला हा चेतातंतू नसतो. ते विश्रांतीतही मिनिटाला शंभराच्या आसपास धावतं. लहान मुलांत लगामाचा जोर अधिक, त्यामुळे त्यांचं हृदय पहिल्या सुईलाही मंदावू शकतं. पोटातला पडदा ताणला, तिरळेपणाच्या ऑपरेशनात डोळ्याचा स्नायू ओढला, तरी हाच लगाम खेचला जातो.

तो ढिला करणारं औषध म्हणजे अ‍ॅट्रोपिन. महाशिवरात्रीला आपण शंकराला वाहतो त्या काटेरी धोत्र्यातही ते असतं. (म्हणून धोत्रा देवापुरताच ठेवावा, पोटात गेला तर जीव जाऊ शकतो.) हृदयाच्या कुलपात ते खुंटीसारखं बसतं आणि किल्लीला आत शिरू देत नाही. स्नायूंच्या कुलपाला मात्र नेहमीच्या डोसात हातही लावत नाही. म्हणून दुसऱ्या सुईच्या आधी, आणि लहान मुलांत अनेकदा पहिलीच्याही आधी, अ‍ॅट्रोपिन दिलं जातं. त्याचा भाऊ ग्लायकोपायरोलेट मेंदूत शिरत नाही, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना भुलीनंतर गोंधळल्यासारखं होण्याची भीती कमी.

ऑपरेशन संपताना हाच खेळ उलट्या बाजूने होतो. व्हेक्युरोनियमसारखी टिकाऊ औषधं उतरवायला निओस्टिग्मिन देतात. ते अ‍ॅसिटिलकोलीनची मोडतोड थांबवतं. किल्ल्यांचा ढीग वाढतो, स्नायू जागे होतात. पण ढीग हृदयापाशीही वाढतो. म्हणून निओस्टिग्मिन एकटं कधी देत नाहीत. अडीच मिलिग्रॅम निओस्टिग्मिन आणि अर्धा मिलिग्रॅम ग्लायकोपायरोलेट एकाच अँप्यूलमध्ये भरून मिळतात. सुगामाडेक्स नावाचं नवं औषध किल्ल्यांच्या भानगडीत पडतच नाही. ते व्हेक्युरोनियमच्या जातीच्याच रोक्युरोनियम या औषधाच्या रेणूला पोटात घेऊन टाकतं. तरी त्यानेही क्वचित हृदय मंदावल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे मॉनिटरवरचा कान काढायची सोय नाहीच.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूलतज्ज्ञ भेटायला येतात आणि विचारतात: रक्तदाबाची कुठली गोळी चालू आहे? काचबिंदू आहे का? घरात कुणाला भुलीतून बाहेर यायला फार वेळ लागला होता का? काही गोळ्या नाडी आधीच मंद ठेवतात, काचबिंदूत अ‍ॅट्रोपिन जपून द्यावं लागतं, आणि स्कोलिन मोडणारं द्रव्य काही घराण्यांत जन्मतःच कमी असतं. तेव्हा घाईने ‘काही नाही’ म्हणू नका. गोळ्यांची पाकिटं सरळ त्यांच्या हातात द्या.