डोंगरातले मुक्कामाचे घर आणि आपला कारागीर

नगर जिल्ह्याच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. कळसूबाईचे 1646 मीटर उंचीचे शिखर, रतनगड, हरिश्चंद्रगड, साम्रदची सांदण दरी आणि प्रवरेवरचे भंडारदरा धरण ही त्याची ओळख. इंग्रजांच्या काळात, 1910 ते 1926 या वर्षांत, हे धरण बांधले गेले. पूर्वी तेथे येणारा पाहुणा सरकारी विश्रामगृहात उतरायचा, नाहीतर संध्याकाळी परत फिरायचा. आता शेंडी, रतनवाडी, पुरुषवाडी अशा गावांत लोकांच्या घरीच मुक्काम होतो. मे महिन्याच्या अखेरीस, पहिल्या पावसाच्या तोंडावर, झाडांवर काजवे लखलखतात तेव्हा मुंबई-पुणे-नाशिकची गर्दी एवढी उसळते की अंगणात तंबू ठोकावे लागतात. पुरुषवाडीत तर गावकऱ्यांनीच पाहुण्यांचे जेवण आणि मुक्काम सांभाळावा, अशी पद्धत बसली आहे. राज्य सरकारनेही 2020 मध्ये कृषी पर्यटनाचे धोरण जाहीर केले. राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्यासाठी न्याहारी व निवास योजना आहेच.

यात आपला काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध असा की मुक्कामाचे घर म्हटले की गादी आली, रजई आली, चादर, अभ्रा, पडदा, पंचा आला. तांब्याची घागर आली, पितळेचे पातेले आले. ही सगळी कामे आपल्या पिंजारी, शिंपी, कल्हईवाला आणि कापड व्यापारी बांधवांची. पण आज त्या घरात जाऊन पाहिले तर फोमची गादी, पॉलिएस्टरचे ब्लँकेट आणि प्लास्टिकचा जग दिसतो. माल मोबाईलवरून मागवलेला असतो किंवा घोटी-नाशिकहून आणलेला असतो. घर मातीचे, चुलीवरची भाकरी खरी आणि अंथरूण मात्र शहरातल्या लॉजचे, असा प्रकार आहे.

परदेशात हा धंदा कसा चालतो, याचे एक उदाहरण कापडवाल्यांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. इटलीच्या आब्रुझ्झो भागात सान्तो स्तेफानो दी सेस्सानियो नावाचे एक डोंगरी गाव आहे. उंची बाराशे मीटरच्या वर. 1579 पासून हे गाव फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या ताब्यात होते आणि त्याची भरभराट झाली ती मेंढीच्या लोकरीवर. लोकर काळपट आणि जाडीभरडी, आपल्या घोंगडीच्या लोकरीसारखी. पुढे लोकरीचा व्यापार बसला, तरुण शहरांत आणि परदेशांत गेले, दगडी घरे ओस पडली. गावात जेमतेम शंभर-सव्वाशे माणसे उरली. 1999 मध्ये डॅनिएले किलग्रेन नावाचा एक माणूस मोटारसायकलवरून फिरत तेथे पोहोचला. त्याने पडकी घरे विकत घेतली, पण ती पाडून नवे हॉटेल उभारले नाही. धुराने काळ्या झालेल्या भिंती आणि जुनी जमीन तशीच ठेवली. गावात विखुरलेल्या घरांतच खोल्या केल्या. पलंगपोसही बाजारातून आणले नाहीत. त्या भागाच्या जुन्या पद्धतीने हातमागावर विणून घेतले. अशा हॉटेलला इटालियन लोक ‘विखुरलेले हॉटेल’ म्हणतात. 2009 च्या मोठ्या भूकंपात गावचा जुना बुरूज कोसळला, तरी पाहुणे येणे थांबले नाही.

येथे व्यापाऱ्याने ओळखायची गोष्ट एकच. पाहुणा पैसे मोजतो ते त्याच्या शहरात न मिळणाऱ्या वस्तूसाठी. पॉलिएस्टरचे ब्लँकेट त्याच्या घरी आहे. ताज्या पिंजलेल्या कापसाची रजई नाही.

आपल्या जिल्ह्याला कापडाची परंपरा नवी नाही. अहमद निजामशहाने 1490 च्या सुमारास नगर वसवले आणि त्यानंतर थोड्याच काळात भिंगारला लुगडी विणण्याचा धंदा सुरू झाला, असे जुन्या गॅझेटिअरात नमूद आहे. पितळी भांड्यांसाठीही नगर प्रसिद्ध होते. हातमाग मागे पडले, लुगडी गेली, आणि आता पिंजाऱ्याची पाळी आहे. गल्लीतून पिंजणाच्या तारेचा आवाज यायचा तो बंद झाला. आज यंत्रावर कापूस पिंजणारी दुकाने आहेत, पण लग्नसराई सरली की तीही रिकामी असतात. बापाचे हुन्नर मुलगा शिकत नाही, कारण त्यात रोजी दिसत नाही.

आता हिशेब पाहू. चार खोल्यांचे, आठ बिछान्यांचे एक घर धरा. एका बिछान्याला चादरीचे तीन जोड लागतात: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. भंडारदऱ्याच्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, म्हणून चार जोड धरावेत. म्हणजे 32 चादरी, 32 अभ्रे आणि तेवढेच पंचे. शिवाय आठ गाद्या, आठ उशा आणि दोन जास्तीच्या धरून दहा रजया. एका गादीला साधारण दहा किलो आणि एका रजईला दोन-अडीच किलो कापूस धरला तर एका घराला एक क्विंटलच्या वर कापूस लागतो. खोळींना मांजरपाट आणि शिलाई वेगळी. अशी दहा घरे मिळाली तर एका पिंजाऱ्याचे आणि दोन शिंप्यांचे काही महिन्यांचे काम झाले.

खरी बरकत तर पुढच्या वर्षी आहे. फोमची गादी एकदा विकली की गिऱ्हाईक संपले. खराब झाली की ती उकिरड्यावर जाते. कापसाची गादी पावसाळ्यात ओल धरते, बसते, कडक होते. दसऱ्याच्या सुमारास ती उन्हात घालावी लागते आणि दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून भरावी लागते. घरमालकाला हे खर्चाचे वाटते, पण कापूस त्याचाच राहतो. द्यायची ती मजुरी आणि फार तर नव्या खोळीचे पैसे. कल्हईचेही असेच. पितळेच्या पातेल्यात आमटी-कालवण शिजवायचे तर कल्हई हवीच आणि ती झिजते. म्हणजे हंगामापूर्वी वर्षातून एकदा त्या गावांची फेरी ठरलेली.

मात्र माल घेऊन जाण्यापूर्वी आपले घर नीट करावे लागेल. दुकानात बसून जे दिसते ते स्पष्ट लिहितो.

पहिली गोष्ट मापाची. आपल्याकडे दहा गाद्या दहा मापांच्या होतात. मग चादर एकीला पुरते, दुसरीला पुरत नाही. लांबी-रुंदी एकदा ठरवून खोळ त्याच मापाची शिवावी. सुती कापड पहिल्या धुण्यात आटते, म्हणून ते आधी भिजवून, वाळवून मग कापावे. नाहीतर महिन्याभरात तक्रार येते आणि मालक पुन्हा पॉलिएस्टरकडे वळतो.

दुसरी गोष्ट कापसाची. जुना, गिरणीतला टाकाऊ कापूस नव्यात मिसळून नव्याचा भाव लावणारे आपल्यातही आहेत. सहा महिन्यांत गादीच्या गुठळ्या होतात आणि बदनामी सगळ्या पिंजाऱ्यांची होते. मिसळ द्यायची तर सांगून द्यावी आणि भाव तसाच घ्यावा.

तिसरी गोष्ट तारखेची. काजव्यांचा हंगाम जेमतेम तीन आठवड्यांचा. मे महिन्याच्या मध्यावर कबूल केलेला माल जून उजाडल्यावर पोहोचला तर मालकाला त्याचा उपयोग नाही. त्याने आपल्याला पुन्हा का विचारावे?

चौथी गोष्ट उधारीची. हा धंदा हंगामी आहे. मालकाच्या हातात पैसा पाहुणे आल्यावर येतो. माझ्याकडून चादरी नेलेल्या एका घरमालकाने दोन हंगाम उलटले तरी हिशेब पुरा केला नाही. एवढा तोटा दुकानदार सोसतो. रोजंदारीचा पिंजारी सोसू शकत नाही. म्हणून निम्मी रक्कम आधी घ्यावी आणि बाकीची तारीख लिहून घ्यावी. कारागिराने उद्यम नोंदणी करून घ्यावी. ती मोफत आहे. नोंदणी झालेल्या छोट्या उत्पादकाचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत आणि असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावेत, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा कायदा सांगतो. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत. त्यात शिंपी आहे, गवंडी आहे, लोहार आहे. पिंजारी आणि कल्हईवाल्याचे नाव नाही. ते यावे म्हणून आपल्या संघटनांनी अर्ज करायला हवेत.

एक मर्यादाही पाळावी. गोधडी गावातल्या बायाबापड्या स्वतः शिवतात. तेथे तयार माल नेऊन त्यांच्या पोटावर पाय देऊ नये. त्यांना दोरा, अस्तर आणि चांगली कात्रणे रास्त भावात द्यावीत. चादर सोलापूरची घ्यावी. ती देशभर नावाजलेली आहे. घोंगडी विणणाऱ्या सनगर बांधवांकडून घोंगडी घ्यावी. प्रत्येकाचे हुन्नर त्या घरात दिसले तरच ते घर पाहण्यासारखे होईल.

भंडारदरा नगर शहरापेक्षा नाशिकला जवळ आहे, हे खरे. त्यामुळे या कामात संगमनेर, अकोले आणि राजूरच्या व्यापाऱ्यांनी पुढे व्हावे. दोन पिंजारी, एक शिंपी, एक कल्हईवाला आणि भांडवल लावणारा एक कापडवाला एवढी जुळणी पुरे. सुरुवात एकाच घरापासून करावी, तेही दिवाळीनंतर, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत हातात वेळ राहील. रजई उबदार निघाली तर शेजारचे घर आपण होऊन विचारायला येईल. पिंजाऱ्याच्या मुलाला बापाच्या धंद्यात रोजी दिसायची असेल तर असे गिऱ्हाईक शोधून देणे हे भांडवल असणाऱ्याचे काम आहे.